घरातलं कन्नड कोण वाचणार?

पत्राचा सारांश: बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका खेड्यातला २६ वर्षांचा तरुण. मेकॅनिकल डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत व्हीएमसी मशीनवर (धातू कापायचं संगणकी यंत्र) सेटर आहे. पगार ₹२२,०००, त्यातले ₹१५,००० घरी देतो. घरी ५८ वर्षांचे आप्पा (दोन एकर भातशेती, गेली सहा वर्षं शुगर), आई, ८१ वर्षांची आज्जी आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली बहीण. ओळखीतून शारजातल्या एका मशीन शॉपमधलं काम चालून आलंय: महिना २,५०० दिरहम, राहायला कंपनीची खोली, करार दोन वर्षांचा. एजंटाला १ लाख २० हजार द्यायचे आहेत. परत येऊन स्वतःचं जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्यांना सुटे भाग करून द्यायचं काम) सुरू करायचं, त्याला हाताशी दहा लाख तरी हवेत. जमलं तर शेजारचं अर्धा एकर रानही घ्यायचं. आप्पा जुने सीमा कार्यकर्ते, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात एकोणिसाव्या वर्षी लाठ्या खाल्लेले. मुलानं विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाले, "जायचं तर जा की. आम्ही हाय की हितं." त्या दिवसापासून जेवताना गप्प. आज्जीला तर 'मुंबईला चाललोय' असंच सांगायचं ठरलंय. तरुण लिहितो: "भाषेसाठी मातीला धरून राहिलेल्या माणसाचा मुलगा दुबईकडं पळाला, हे त्यांना सहन होत नाही. घरात कर्ता मी एकटाच. लाइटबिल, उतारा, सोसायटीची नोटीस, आईच्या मोबाइलवरचे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे मेसेज, सगळं मीच बघतो, कारण कन्नड मलाच येतं. सगळ्यांना सोडून गेलो तर मी स्वार्थी ठरतो का?"

तू माझ्या भाच्याच्या वयाचा, त्यामुळं अरे-तुरे करते.

पत्रात सीमाप्रश्नावर तू दीड पान लिहिलंयस आणि लाइटबिलावर एक ओळ. मी त्या ओळीपाशीच अडकले. का, ते सांगायला माझ्या घरातली एक जुनी गोष्ट काढावी लागेल.

१९९२ साली माझा थोरला भाऊ वेल्डर म्हणून मस्कतला गेला. तीन वर्षांसाठी. पत्र लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून कुणी गावाकडं येणारा असला की त्याच्याबरोबर कॅसेट पाठवायचा. एका बाजूला तो बोललेला असायचा, दुसरी बाजू आम्ही भरून पाठवायची. त्याच्या आवाजामागं सारखी घरघर ऐकू यायची. आई टेपला कान लावून म्हणायची, "शेजारी गिरण आहे काय रे याच्या?" तो खोलीतला एसी होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी घरी मोजणीची नोटीस आली. कन्नडमधून. असले कागद आधी भाऊच वाचायचा. कारखान्यातल्या पोरांच्या संगतीनं त्याला कन्नड येत होतं. बाबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि देव्हाऱ्यातल्या फोटोमागं खोचला. मला शाळेत कन्नड होतं, पण ते धड्यातल्या गाई-म्हशींपुरतं. सरकारी कन्नड बघून मी गप्प बसले. कुणाकडं तरी वाचायला न्यायचं, तर बाबांना त्याची लाज. आयुष्यभर मराठी कागद मागणारा माणूस, आता दुसऱ्याच्या दारात कन्नड कागद घेऊन उभा राहणार? मोजणी आमच्या माघारी होऊन गेली. शेजाऱ्याचा बांध आमच्या रानात दोन हात आत आला.

दोन हात रान म्हणजे काही जहागीर नव्हे. पण बाबा पुढं कितीतरी वर्षं त्या बांधावरून चालले की चिडायचे, आणि तेही शेजाऱ्यावर नाही. "तो असता तर," म्हणायचे. भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपण आखातात गेलेलं बाबांना आवडलं नाही, एवढाच अर्थ त्यानं त्यांच्या तुटक बोलण्याचा काढला आणि हळूहळू कॅसेटही बंद झाल्या. तो परत आला तो अकरा वर्षांनी.

तुझ्या आप्पांच्या गप्प बसण्याचा अर्थ तू एका झटक्यात लावून टाकलायस. तो चुकीचाच आहे असं मी म्हणणार नाही, मी काही त्यांना भेटलेली नाही. पण ५८ वर्षांच्या, शुगर असलेल्या, कन्नड न वाचता येणाऱ्या माणसाच्या डोक्यात मुलगा लांब जाणार म्हटल्यावर पहिल्यांदा काय येत असेल? १९५६ सालची राज्यपुनर्रचना, की सोसायटीची पुढची नोटीस? आणि हे तोंडानं बोलणं त्यांना किती जड जाईल बघ. 'तू गेलास तर मला अन्याय सहन होणार नाही' असं म्हणायला त्यांना वेळ लागणार नाही, भाषणाची सवय आहे. 'तू गेलास तर मला बिल वाचता येणार नाही' हे मात्र घशातून बाहेर पडत नाही.

तेव्हा त्यांना विचार. पण 'जाऊ का?' असं विचारू नकोस. आपल्याकडच्या बापाकडं त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते तुला मिळालेलंच आहे. जेवताना नको, आई आणि आज्जीसमोर तर नकोच. रानात जाल, मसूर कशी आलीय ते बघत बांधावर बसाल, तेव्हा विचार: "मी नसलो तर तुमचं नेमकं काय काय अडेल?" मग थांब. ते "काय अडतंय, काही नाही" म्हणतील. तरी थांब. दुसऱ्यांदा विचारल्यावर एखादी बारीक गोष्ट बाहेर येईल: सरकारी दवाखान्यात नंबर लावायला कोण, खत उचलायला आधार कार्ड घेऊन कोण जाणार, असलं काहीतरी. ती बारीक गोष्ट हातात धर.

आता सीमाप्रश्न. त्याला बगल देत नाही, कारण दुखतही असेल. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत तू दरवर्षी त्यांच्या शेजारी असतोस असं लिहिलंयस. पुढच्या फेरीत ती जागा रिकामी असणार, हे त्यांना आत्तापासून दिसत असेल. त्यावर वाद घालू नकोस, समजूतही काढू नकोस. एवढंच लक्षात घे की इथल्या माणसाला इथं आपल्या भाषेत, मान खाली न घालता जगता यावं, म्हणून ती माणसं रस्त्यावर उतरली. त्यांच्याच पिढीतल्या कितीतरी घरांतली पोरं पुण्याला, मुंबईला, गोव्याला नोकरीला गेली, त्यांना कुणी फितूर म्हटलं नाही. आणि मिलिट्रीत गेलेल्यांचं काय? मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच आपल्या बेळगावात. तुझ्या गल्लीतही एखादा जवान असेलच. तो वर्षातले बरेच महिने घरी नसतो, त्याच्या बायकोला एकटीनं सगळं बघावं लागतं, पण गाव त्याची मिरवणूक काढतं. 'घर सोडून गेला' हा शब्द आपण फार निवडून वापरतो.

अर्थात अग्निवीर सोडले तर जवानाला पेन्शन आहे, रजेचा हक्क आहे, आणि त्याच्यामागं सरकार उभं असतं. तुझ्या मागं तुझा करार. त्याच्याकडं येतेच.

त्याआधी 'घरात कर्ता मी एकटाच' या वाक्याबद्दल. रागावू नकोस, पण हे वाचून मला हसू आलं. आप्पा अजून दोन एकर भात लावतात. आई घर, गोठा आणि आज्जी, तिन्ही सांभाळते. बहीण बी.कॉम.ला आहे, हिशेबाचं शिक्षण घेतेय. एवढी तीन माणसं असताना कर्ता तू एकटा कसा? बहिणीबद्दल तू सव्वा ओळ लिहिलीयस: 'तिचं काय, लग्न होऊन जाईल.' कधी जाईल? अजून दोन-तीन वर्षं तरी ती घरात आहे, म्हणजे नेमकी तुझ्या कराराइतकी. शाळेत कन्नड तिलाही होतं. ते कागदापुरतं कुणी तिला वापरूच दिलं नाही, कारण दादा होता. तिला एकदा विचारलंस का? मला खात्री आहे विचारलं नसशील, कारण विचारलं असतंस तर पत्रात तिचं काहीतरी म्हणणं आलं असतं.

सरकारी कन्नड वेगळं असतं हे खरं. पण आज तिच्या हातात फोन आहे. कागदावर कॅमेरा धरला की मराठीत अर्थ दिसतो. वेडावाकडा दिसतो, पण तारीख, रक्कम आणि कुठल्या ऑफिसचा कागद हे कळतं. माझ्या बाबांना तेवढं कळलं असतं तर पुरलं असतं. उतारा तर कर्नाटक सरकारच्या 'भूमी' संकेतस्थळावरूनही बघता येतो, त्यासाठी तालुक्याला हेलपाटा नको. अडलं तर फोटो तुला पाठवेल. तू शारजात बसून कन्नड वाचायला कोण अडवतंय? तुझ्या घरच्या आधाराचा मोठा भाग असा प्रवास करू शकणारा आहे. जो करू शकत नाही तो वेगळा काढ: आप्पांना रात्री चक्कर आली तर दवाखान्यात न्यायला गाडी कुणाची, भातकापणीच्या आठवड्यात एक गडी कमी पडेल त्याचं काय. याला पैसे आणि शेजार, दोन्ही लागतात. शेजार आत्तापासून बांधावा लागतो.

आता पैशाचा हिशेब. तू २,५०० दिरहम गुणिले चोवीस रुपये करून साठ हजार काढलेस, त्यातून बावीस वजा केलेस आणि दर महिन्याला अडतीस हजार जास्त असं ठरवलंस. जेवण कंपनीचं नाही असं तूच लिहिलंयस. मग जेवण, फोन, साबण-कपडे, आजारपण, सुट्टीच्या दिवशीचं बसभाडं मिळून सातशे दिरहम तरी जातील. राहिले १,८००, म्हणजे त्रेचाळीस हजार दोनशे. आज तू घरी पंधरा हजार देतोस. खरा फरक अठ्ठावीस हजार दोनशेचा. दोन वर्षांचे झाले ६ लाख ७६ हजार. त्यातून एजंटाचे १ लाख २० हजार गेले, ते कर्जानं काढले तर व्याज वेगळं, आणि मधे एकदा घरी यायचं तर तिकीट आणि बॅग भरून आणायच्या वस्तू. हाताशी पाच लाखाच्या आसपास.

जॉबवर्कला तुला दहा हवेत. म्हणजे तू घरात 'दोन वर्षं' म्हणतोयस, तर तुझाच हिशेब चार वर्षं म्हणतोय. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते हे. आप्पांना आकडेमोड येते. भाताची पोती मोजणाऱ्या माणसाला 'दोन वर्षं' खोटं आहे हे कळायला वेळ लागत नाही. चार म्हण. 'चार वर्षं, मधे एकदा रजा' असं सांगून जाणाऱ्या मुलावर घर जास्त विश्वास ठेवतं. माझा भाऊ तीन म्हणून गेला होता.

अर्धा एकर रानाचंही सांगते, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. नोकरीसाठी परदेशी राहायला लागलास की परकीय चलन कायद्याप्रमाणे तू अनिवासी. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. तेव्हा ते रान घ्यायचं तर आप्पांच्या किंवा आईच्या नावावर, नाहीतर तू परत आल्यावर. शेजाऱ्याला आत्ताच तोंडी शब्द देऊन बसू नकोस.

एजंट. दहावी पास असल्यामुळं तुझ्या पासपोर्टावर ईसीआरचा, म्हणजे कामाला बाहेर जायला सरकारी परवानगी हवी असा, शेरा नाही, आणि 'त्यामुळं काही अडचण नाही' असं एजंट म्हणाला. अडचण नाही हे खरं, त्यातली मेख वेगळी आहे. दहावी न झालेला माणूस अमिरातीसह १८ देशांत कामाला निघाला तर त्याला सरकारची परवानगी लागते, त्याचे कागद तपासले जातात, दहा लाखांचा अपघात विमा सक्तीचा असतो. तुला यातलं काही लागत नाही. म्हणजे तुझा करार तुझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. अख्ख्या घराचे कागद वाचणाऱ्या माणसा, स्वतःचा कागद वाचलायस का? पत्रात कंपनीचं नाव नाही, मूळ पगार किती ते नाही, ऑफर लेटर हातात आहे की एजंटाच्या फोनमध्ये आहे तेही नाही.

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. पावतीसह. तुझ्याकडून मागतोय त्याच्या चौपट, आणि तेही रोख. अमिरातीचा कामगार कायदा तर त्याहून पुढं जातो: भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. 'सगळेच देतात' असं तुला सांगतील. देतात, खरंय. म्हणून परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का, एवढं आधी बघ. नाव नसेल तर तो एजंट नव्हे, ओळखीचा माणूस आहे. आणि ओळखीच्या माणसाला १ लाख २० हजार कशाचे द्यायचे हे त्यालाच विचार. 'आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून घेऊ' असं म्हणाला तर सरळ उठून ये. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे, आणि पकडला जातो तो मशीनसमोर उभा असलेला माणूस.

करारात एक आकडा आधी शोध: मूळ पगार. २,५०० मधले मूळ किती आणि भत्ते किती? तिथं वर्षभर नोकरी पुरी केली की सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागं २१ दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार २,००० असेल तर दोन वर्षांचे २,८०० दिरहम होतात. १,२५० असेल तर १,७५०. एकूण पगाराचा आकडा तोच, पण जाताना हातात हजारभर दिरहमांचा फरक. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच मोजतात. चाचणीकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त लिहिलेला असेल तर तो कायद्याबाहेरचा. पासपोर्ट मालकाकडं ठेवायचा नसतो, मागितला तरी. आणि इथं सही केलेली ऑफर आणि तिथं पुढ्यात आलेला करार जुळत नसेल तर सही करण्याआधी फोटो काढून बहिणीला पाठव. एक प्रत घरात असू दे.

हे सगळं वाचून जाऊच नकोस असं मी म्हणतेय असं वाटेल. तसं नाही. काम हातातलं आहे, वय आहे, आणि मशीन सेट करता येणाऱ्या माणसाला कुठंही मोल असतं. पण कागद बरोबर नसतील तर हे काम सोड; शारजा सोडू नकोस, हे काम सोड. आणि तोवर इथलंही एकदा बघ. आपल्याच जिल्ह्यात हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात, पुण्याजवळ चाकण आहे, गोव्यात वेर्णा आहे. तिथं विचारलंस का, पत्रात काही नाही. पुण्याहून रात्रीच्या बसनं माणूस सकाळी घरी येतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही. शारजाहून यायचं तर गोवा, बेंगळूरू नाहीतर मुंबई गाठून मग बेळगाव. गोव्यात उतरलास तरी पावसाळ्यात चोर्ला घाट आहेच. आप्पांच्या आजारपणाचा विचार करताना हा हिशेबही धर.

जायचं ठरलं तर निघण्याआधी दोन कामं उरकून टाक. शेत अजून तुझ्या वारलेल्या आजोबांच्याच नावावर आहे असं पत्रात ओझरतं आलंय. वारसा नोंद आधी करून घे. मागाहून तुझी सही लागली तर दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करायचं, ते इथं पाठवायचं, तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा, हा सगळा खटाटोप. दुसरं, बँकेत जाऊन परदेशी जातोय म्हणून सांग. आत्ताचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं साधं खातं, करून घ्यावं लागतं, आणि तिकडून पाठवायच्या पैशासाठी एनआरई खातं काढ, त्याच्या व्याजावर इथं कर नाही. आईच्या खात्यावर दर महिन्याला किती जाणार हे आईसमोर ठरव, आप्पांच्या परस्पर नको.

आणि एक वही कर. साधी, दोनशे पानी. लाइटबिलाचा ग्राहक क्रमांक, रानाचा सर्व्हे नंबर, सोसायटीचं कर्ज किती आणि कधी भरायचं, विम्याचे हप्ते, आप्पांच्या गोळ्यांची नावं आणि शुगर तपासायच्या तारखा, ज्यांना रात्री हाक मारता येईल अशा तीन घरांचे नंबर. मराठीत लिही, मोठ्या अक्षरात. कन्नडमध्ये नेहमी येणारे शब्द बाजूला कन्नडमधून काढून ठेव: 'थकबाकी', 'शेवटची तारीख', 'हजर राहावे'. एवढे तीन शब्द ओळखू आले तरी कुठला कागद फोटोमागं खोचायचा नाही, हे घरात कळेल.

फोनचं एक. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. तिथं परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. ते आईच्या फोनवर निघण्याआधी घालून, शेजारच्या खोलीतून चार वेळा कॉल करून तिला सवय करून दे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात फोन लागेना म्हणून घरात रडारड. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. तू आठला सुटलास की इथं साडेनऊ, आप्पा अंथरुणात. तेव्हा आप्पांशी बोलायचा वार आणि वेळ ठरवून घे, आणि त्या फोनवर आईशी बोलू नकोस. आप्पांशीच बोल, रानाबद्दल विचार. बाप लोक 'कसा आहेस'ला उत्तर देत नाहीत, 'पाणी किती आलं'ला देतात.

आज्जीला खोटं सांगू नका. ८१ वर्षांच्या बाईला मुंबई आणि शारजा यात काय कळतंय असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. तिला कळतं. मुंबईला गेलेला नातू गणपतीला येतो, आणि तू येणार नाहीस. मग ती वर्षभर विचारत राहील, आणि दर वेळी आईला नवं खोटं रचावं लागेल. ते ओझं तू आईवर टाकून निघालायस, हे तुझ्या ध्यानात आलेलं नाही. आज्जीच्या पायाशी बसून सांग, लांब आहे, विमानानं जातात, चार वर्षं. रडेल. रडू दे. मी आमच्या आज्जीला शेवटपर्यंत खरं सांगितलं नव्हतं. ती प्रत्येक एसटी थांबली की दाराकडं बघायची.

राहिला तुझा प्रश्न, स्वार्थी आहेस का. स्वतःचं जॉबवर्क हवंय म्हणून चाललायस, तर थोडा आहेसच, आणि तसं कबूल करायला काही हरकत नाही. घरासाठी चाललोय, घरासाठी चाललोय असं म्हणत गेलास तर प्रत्येक पाठवलेल्या रुपयाचं ऋण घरच्यांच्या डोक्यावर बसतं, आणि परत आल्यावर ते फेडून मागावंसं वाटतं. आप्पांना सांग, मला माझी मशीन हवी आहे. एकोणिसाव्या वर्षी घरच्यांना न विचारता आंदोलनात उतरलेल्या माणसाला हे कळेल.

आणि या महिन्याचं हेस्कॉमचं लाइटबिल आलं की उघडू नकोस. बहिणीच्या हातात दे, आप्पांना शेजारी बसव. ती अडखळेल, तुझ्याकडं बघेल. तू गोठ्यात जा.